रोकड व्हॅनवर सशस्त्र हल्ला आणि त्यात मृत्यू : कायद्याने जबाबदार कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एटीएममध्ये भरायची रोकड घेऊन निघालेली व्हॅन अडवली जाते, गोळी सुटते आणि व्हॅनवरचा रक्षक किंवा चालक जागीच जातो. अशा घटनेनंतर आमच्याकडे येणारे प्रश्न बरेचसे सारखेच असतात. काही मृताच्या घरून येतात, काही आरोपीच्या घरून, तर काही रोकड वाहतुकीच्या एजन्सीत काम करणाऱ्या मुलांकडून. ते इथे सोप्यापासून अडचणीच्या प्रश्नांपर्यंत लावले आहेत. उत्तरं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणे (पुढे नुसतं 'संहिता') दिली आहेत. घटना त्याआधीची असेल तर खटला जुन्या भारतीय दंड संहितेखालीच चालतो, म्हणून गरजेप्रमाणे जुनी कलमंही दिली आहेत.

१. व्हॅन लुटली की गुन्हा दरोड्याचाच होतो ना?

नाही. बंदूक दाखवून, मारहाण करून किंवा जिवाची भीती घालून पैसे नेले की ती जबरी चोरी, कलम ३०९. तेच पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलं की दरोडा, कलम ३१०. प्रत्यक्ष लुटणारे आणि तिथे हजर राहून मदत करणारे, सगळे धरून पाचाचा आकडा मोजतात. रक्कम किती होती, व्हॅन कोणत्या बँकेची होती, याचा या वर्गवारीशी संबंध नाही.

जानेवारी २०२५ मध्ये बीदरला एटीएमची रोकड नेणाऱ्यांवर भर दिवसा गोळीबार झाला आणि एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. हल्लेखोर मोटरसायकलवरून आलेले दोघे होते. बातम्यांनी त्याला दरोडा म्हटलं तरी दोघांचं कृत्य कायद्याने जबरी चोरी आणि खून ठरतं. हा फरक का महत्त्वाचा, ते प्रश्न २ आणि ४ मध्ये येईल.

२. दरोड्यात खून झाला तर शिक्षा किती?

कलम ३१०(३) : फाशी, जन्मठेप किंवा किमान १० वर्षांचा सश्रम कारावास, आणि दंड. जुन्या कलम ३९६ मध्ये तिसरा पर्याय 'जास्तीत जास्त १० वर्षं' असा होता. आता १० वर्षं ही खालची मर्यादा झाली आहे. हा बदल फार जणांच्या लक्षात आलेला नाही, पण शिक्षेच्या युक्तिवादात आणि अल्पवयीन आरोपींच्या बाबतीत (प्रश्न १५) त्याचा मोठा परिणाम होतो.

३. गोळी एकानेच झाडली. बाकी चौघांनी बोटही लावलं नाही. त्यांनाही खुनाची शिक्षा?

होय, दरोडा सिद्ध झाला तर. सरकार पक्षाला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : पाच किंवा अधिक जणांनी दरोडा घातला, त्यांतल्या कोणीतरी तो घालताना खून केला, आणि हा आरोपी त्या दरोड्यात सामील होता. त्याला खून व्हावा असं वाटत होतं का, मित्राकडे पिस्तूल आहे हे त्याला ठाऊक होतं का, हे सिद्ध करावं लागत नाही. पाच जण मिळून लुटायला निघतात तेव्हा जीव जाण्याचा धोका सगळ्यांनी मिळून पत्करलेला असतो, असं हे कलम मानतं.

या कलमाची धार इतिहासातही दिसते. ९ ऑगस्ट १९२५ रोजी काकोरीजवळ क्रांतिकारकांनी रेल्वेतला सरकारी खजिना ताब्यात घेतला. त्यात एक प्रवासी मारला गेला. परकीय सरकारने राजद्रोही कटाच्या कलमांबरोबर ३९६ही लावलं. ज्यांच्या पिस्तुलातून ती गोळी सुटली त्या मन्मथनाथ गुप्तांना लहान वयामुळे कारावास झाला, आणि रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान, रोशन सिंह व राजेंद्र लाहिरी हे चौघे डिसेंबर १९२७ मध्ये फासावर गेले. त्यांच्या हेतूची आजच्या लुटारूंशी तुलना होऊच शकत नाही. 'गोळी मी झाडली नाही' हे उत्तर या कलमापुढे तेव्हाही पुरलं नाही, एवढंच इथे दाखवायचं आहे.

शिक्षा ठरवताना मात्र ज्याने झाडली आणि जो नुसता बरोबर होता, यांत न्यायालय फरक करू शकतं आणि बहुधा करतं.

४. लुटारू तिघेच होते. मग न झाडणारे दोघे खुनातून सुटतात?

आपोआप सुटत नाहीत, पण इथे सरकार पक्षाचं काम वाढतं. ३१०(३) लागत नाही, म्हणून कलम १०३ (खून) आणि ३(५) (सामाईक इरादा, जुनं ३४) यांचा आधार घ्यावा लागतो. प्रत्येकाच्या बाबतीत दाखवावं लागतं की गरज पडली तर जीव घ्यायचा, हे त्यालाही मान्य होतं. भरलेली पिस्तुलं घेऊन सशस्त्र रक्षकाच्या अंगावर जाणाऱ्यांच्या बाबतीत हा निष्कर्ष काढणं सहसा अवघड जात नाही. तिघांपैकी एकाने ऐनवेळी, बाकीच्यांना नकळत, कमरेचा सुरा काढला असेल तर प्रश्न खरोखर खुला असतो.

खुनाचा सामाईक इरादा सिद्ध झाला नाही तरी ३०९(६) उरतं. जबरी चोरी करताना कोणी दुखापत केली तर त्यात सामील असलेल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत सश्रम कारावास होऊ शकतो.

५. माझा धाकटा भाऊ फक्त बाहेर गाडी चालू ठेवून बसला होता. त्याच्यावर एवढी कलमं का?

आम्हाला सर्वात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. ३ ऑगस्ट १९२३ रोजी कलकत्त्यातल्या शांकारीटोला टपाल कार्यालयात पोस्टमास्तर पैसे मोजत असताना काही जण आत शिरले, पैसे मागितले, गोळ्या झाडल्या आणि पैसे न घेताच पळाले. पोस्टमास्तरांचा मृत्यू झाला. पकडला गेलेला बरेंद्रकुमार घोष म्हणाला, मी बाहेर अंगणात उभा होतो आणि भेदरलेलो होतो. प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचं लंडनमधलं सर्वोच्च अपील न्यायालय) १९२४ मध्ये त्याचं अपील फेटाळलं : ठरलेल्या कामात पहारा देणं हासुद्धा कामाचाच वाटा. शंभर वर्षं झाली, आजही प्रत्येक सत्र न्यायालयात हा निकाल वाचला जातो.

म्हणून 'फक्त गाडी चालवत होता' एवढ्याने काही साधत नाही. त्याला ठाऊक होतं का, यावर सगळं ठरतं. ठरवून नेलेला साथीदार आणि भाड्याने बोलावलेला, काही कल्पना नसलेला चालक, दोघेही स्टेअरिंगवरच असतात. आधीचे फोन, व्हॅनच्या मार्गाची टेहळणी, बदललेली नंबरप्लेट, लुटीतला वाटा, घटनेनंतर गाडी कुठे गेली, यांवरून ते उलगडतं. भाऊ खरोखर अजाण असेल तर भाड्याचा व्यवहार, ॲपवरची नोंद, घटनेनंतर त्याने कोणाला काय सांगितलं, हे सगळं पहिल्या आठवड्यातच वकिलाकडे द्या. फोन पुसून टाकायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि त्याच फोनमध्ये त्याच्या बाजूचा पुरावा असू शकतो.

६. टीप देणारा एजन्सीचाच माणूस होता. घटनेच्या वेळी तो घरी होता. त्याचं काय?

३१०(३) थेट लागायला दरोड्यात सामील असणं किंवा तिथे हजर राहून मदत करणं लागतं. घरी बसलेल्याला ते सहसा लागत नाही. त्याच्यासाठी कट (कलम ६१) आणि अपप्रेरणा, म्हणजे गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत (कलम ४५ पासून पुढे) आहेत. कटाची शिक्षा मुख्य गुन्ह्याला मदत केल्यासारखीच होते.

'मी लुटायला सांगितलं होतं, मारायला नाही' या बचावाला कलम ५१ उत्तर देतं. चिथावणीचा संभाव्य परिणाम म्हणून दुसरं कृत्य घडलं तर चिथावणारा त्यालाही जबाबदार. कायद्यातच दाखला आहे : एकाने दोघांना शस्त्रं देऊन मध्यरात्री घर लुटायला पाठवलं, घरातल्याने विरोध केला, त्यांनी त्याला मारलं, तर पाठवणारा खुनाच्या शिक्षेला पात्र होऊ शकतो. व्हॅनवर बंदूकधारी रक्षक असतो हे एजन्सीच्या माणसाइतकं कोणाला ठाऊक असणार? म्हणूनच हा बचाव त्याच्या तोंडी सर्वात दुबळा ठरतो.

७. पिस्तूल नेमकं कोणाच्या हातात होतं, याला महत्त्व आहे का?

कलम ३११ साठी (जुनं ३९७) फार आहे. जबरी चोरी किंवा दरोड्यात प्राणघातक शस्त्र वापरणाऱ्याला किमान ७ वर्षं, त्याखाली न्यायाधीशही जाऊ शकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने फूलकुमार खटल्यात (१९७५) सांगितलं की ही किमान शिक्षा ज्याने स्वतः शस्त्र वापरलं त्यालाच, साथीदाराच्या शस्त्रासाठी नाही. त्याच निकालाप्रमाणे समोरच्याला दिसेल असं शस्त्र हातात धरणं हाही वापरच. गोळी सुटायलाच हवी असं नाही.

पिस्तूल खेळण्यातलं निघालं तर ३११ आणि शस्त्र अधिनियम अडखळतात. जबरी चोरी मात्र होतेच, कारण समोरच्याला वाटलेली जिवाची भीती खरी असते. बेकायदा अग्निशस्त्रासाठी शस्त्र अधिनियमाची कलमं वेगळी लागतात.

८. पैसे घेऊन पळताना पाठलाग करणाऱ्याला मारलं. तोही 'दरोड्यातला' खून?

पळणं आणि लूट नेणं हा त्याच घटनेचा सलग भाग असेल, तर होय. पुढे वेगळ्या गावी, चार दिवसांनी, पोलिसांवर गोळी झाडली तर तो स्वतंत्र गुन्हा. मधला प्रत्येक प्रसंग वेळ, अंतर आणि सलगपणा पाहून ठरतो.

९. गोळी रक्षकावर झाडली, लागली वाटसरूला. मग अपघात म्हणता येईल का?

नाही. कलम १०२ प्रमाणे एकाला मारण्याच्या इराद्याने केलेल्या कृत्यात दुसरा मेला तरी गुन्हा तोच आणि तेवढाच. पाच जण असतील तर प्रश्न ३ चं उत्तर जसंच्या तसं लागू होतं.

१०. मी व्हॅनवर रक्षक आहे. माझ्या गोळीने लुटारू मेला तर माझ्यावर खुनाचा गुन्हा दाखल होईल का?

नोंद होईल, चौकशी होईल, बंदूक तपासासाठी जप्त होईल. त्याने घाबरून जाऊ नका. कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे, आणि कलम ४१ प्रमाणे जबरी चोरी रोखताना हा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. स्वतःचा किंवा सहकाऱ्याचा जीव वाचवण्यासाठी तो आहेच.

त्याला दोन कुंपणं आहेत. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. आणि कलम ४३ प्रमाणे जबरी चोरीविरुद्धचा हक्क लुटारू जीव घेण्याचा, दुखापतीचा किंवा अडवून ठेवण्याचा प्रयत्न करत आहेत किंवा तशी तातडीची भीती आहे तोपर्यंतच टिकतो. पाठ फिरवून, हात रिकामे, पळणाऱ्या माणसावर झाडलेली गोळी समर्थनीय ठरवणं कठीण जातं. पळता पळता तो मागे वळून गोळीबार करत असेल तर गोष्ट वेगळी.

गर्दीत वाटसरूला लागली तर? प्राणघातक हल्ल्यात निरपराधाला धोका पत्करल्याशिवाय बचाव शक्यच नसेल, तर कलम ४४ तो धोका पत्करू देतं. अंदाधुंद गोळीबाराला ते संरक्षण देत नाही. आमचं स्पष्ट मत : ज्याच्या हाती बारा बोअरची बंदूक दिली जाते, त्याला हे सगळं कामावर पाठवण्याआधी त्याच्या भाषेत समजावलंच पाहिजे.

११. मग रक्षकाच्या गोळीने लुटारूंपैकीच एक मेला, तर त्याचा खून उरलेल्यांवर लागतो का?

अमेरिकेतल्या काही राज्यांत तसं होऊ शकतं. आपल्याकडे ३१०(३) साठी खून दरोडेखोरांपैकी कोणीतरी केलेला असावा लागतो. रक्षकाने कायदेशीर बचावात झाडलेली गोळी हा त्यांनी केलेला खून नव्हे. दरोडा, खुनाचा प्रयत्न आणि शस्त्रांची कलमं अर्थातच राहतात.

१२. रक्षक लगेच दगावला नाही, बाराव्या दिवशी रुग्णालयात दगावला. उपचार नीट झाले नाहीत असं आरोपीचे वकील म्हणतात.

कलम १०० चं दुसरं स्पष्टीकरण वाचा : योग्य उपचारांनी मृत्यू टळला असता, तरी जखम करणाराच मृत्यूचं कारण मानला जातो. सुरुवातीला खुनाचा प्रयत्न लावलेला असेल तर मृत्यूनंतर कलम वाढवलं जातं. धक्क्याने हृदयविकार येऊन मृत्यू झाला असेल तर मात्र खून सिद्ध होणं अवघड. आजार आधीचा होता का, आरोपींना तो ठाऊक होता का, किती मारहाण झाली, यांवर सगळं अवलंबून राहतं, आणि शवविच्छेदनाचा अहवाल निर्णायक होतो.

१३. पाचपैकी दोघे फरार आहेत, एक निर्दोष सुटला. उरलेल्या दोघांना दरोड्यात शिक्षा होऊ शकते?

पाच किंवा अधिक जण होते हे पुराव्याने ठरलं असेल, तर पकडलेले किती हे महत्त्वाचं नाही. फरार आणि अनोळखी माणसंही मोजली जातात. पण खटला नाव घेतलेल्या नेमक्या पाच जणांचाच असेल, आणखी कोणी होतं असा पुरावा नसेल आणि त्यांतला एक 'तो तिथे नव्हताच' म्हणून सुटला, तर उरतात चार. दरोडा कोसळतो आणि प्रकरण प्रश्न ४ मध्ये जातं. निव्वळ संशयाचा फायदा मिळून कोणी सुटला, तेव्हा निकालपत्रातली वाक्यं बारकाईने वाचावी लागतात.

१४. पेटी उघडलीच नाही, एक रुपयाही मिळाला नाही. तरीही दरोडा?

तरीही. दरोड्याच्या व्याख्येत प्रयत्नही येतो, त्यामुळे फसलेल्या दरोड्यात खून झाला तरी ३१०(३) लागतं. निघण्याआधीच पकडले गेले तर तयारीसाठी १० वर्षांपर्यंत, नुसतं त्या हेतूने जमल्याबद्दल ७ वर्षांपर्यंत.

१५. मुलगा घटनेच्या दिवशी १७ वर्षांचा होता.

वय घटनेच्या तारखेचं धरतात. १६ ते १८ मधला मुलगा 'घोर' गुन्ह्यात असेल तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापन करून त्याचा खटला बाल न्यायालयात प्रौढासारखा चालवायला पाठवू शकतं. ज्याची किमान शिक्षा ७ वर्षं किंवा अधिक, तो गुन्हा घोर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात स्पष्ट केलं. जुन्या ३९६ ला किमान शिक्षा नव्हती, ३१०(३) ला १० वर्षांची आहे, म्हणून तो आता घोर गुन्ह्यांत बसतो. फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप मात्र त्याला देता येत नाही. शाळेचा दाखला आणि जन्मनोंद पहिल्याच हजेरीला दाखल करा.

१६. सगळ्यांनी हेल्मेट घातलं होतं. ओळखणार कसं?

चेहऱ्याखेरीज पुष्कळ काही मागे राहतं : मोबाइलचे टॉवर, रस्त्यावरचे कॅमेरे, काडतुसांची पुंगळी आणि पिस्तूल यांची जुळणी, नोटांच्या बंडलांवरचे बँकेचे शिक्के. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा होत नाही. पण आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर त्या शोधापुरतं विधान नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याचा कायदा) कलम २३ खाली वाचता येतं. या प्रकरणांत खटले बहुतेक याच पंचनाम्यांवर टिकतात किंवा पडतात.

१७. आमच्या घरात त्यातले पैसे सापडले. आम्ही दरोड्यात नव्हतो.

दरोड्याचा माल आहे हे जाणून, किंवा तसं वाटायला पुरेसं कारण असून, ठेवणाऱ्याला ३१७(३) खाली जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लुटारूंना आसरा देण्यासाठी कलम २५४ आहे. पती किंवा पत्नीने दिलेला आसरा त्यातून वगळला आहे. आईवडील, भाऊबहीण वगळलेले नाहीत, हे लोकांना उशिरा कळतं. आणि घटनेनंतर लगेच माल ज्याच्याकडे सापडतो, त्याला तो कुठून आला हे सांगता आलं नाही तर तो चोर आहे किंवा जाणून घेणारा आहे, असं न्यायालय गृहीत धरू शकतं.

१८. मोक्का (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा) कधी लागतो?

संघटित टोळी असावी, आणि मागच्या १० वर्षांत त्या टोळीच्या गंभीर गुन्ह्यांची एकाहून अधिक दोषारोपपत्रं न्यायालयाने दखल घेतलेली असावीत. ती प्रत्येक सदस्यावर वेगवेगळी लागत नाहीत. मोक्क्याखाली मृत्यू घडला असेल तर फाशी किंवा जन्मठेप आणि किमान १ लाख रुपये दंड. दोषारोपपत्राची मुदत ९० वरून १८० दिवसांपर्यंत वाढू शकते, जामीन फार कठीण होतो, आणि पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. पहिल्यांदाच एकत्र आलेल्या पाच जणांवर तो सरसकट लावता येत नाही.

१९. फाशी होतेच का?

नाही. बचनसिंग खटल्यापासून (१९८०) फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात. कोणी किती जीव घेतले, शरण आलेल्याला मारलं का, आरोपीचं वय आणि सुधारण्याची शक्यता, हे सगळं पाहिलं जातं. सत्र न्यायालयाने फाशी दिली तरी उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय अमलात येत नाही.

२०. साथीदार माफीचा साक्षीदार झाला तर?

न्यायालय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ३४३ खाली संपूर्ण आणि खरं सांगण्याच्या अटीवर माफी देऊ शकतं. त्याच्या एकट्याच्या शब्दावर शिक्षा सहसा होत नाही, महत्त्वाच्या तपशिलांना दुसरा आधार शोधला जातो. त्याने काही लपवलं तर त्याच्यावरचा खटला पुन्हा उभा राहू शकतो.

२१. एका रक्षकावर व्हॅन पाठवली होती. एजन्सी गुन्हेगार नाही का?

रोकड वाहतुकीसाठी केंद्राचे २०१८ चे नियम आहेत : व्हॅनवर दोन सशस्त्र रक्षक, एका फेरीत जास्तीत जास्त ५ कोटी रुपये, शहरी भागात रात्री ९ नंतर आणि ग्रामीण भागात संध्याकाळी ६ नंतर एटीएममध्ये भरणा नाही. हे मोडलं तर परवान्यावर कारवाई होऊ शकते. निष्काळजीपणाने मृत्यूचा फौजदारी गुन्हा (कलम १०६) मात्र सिद्ध होणं कठीण, कारण मधे लुटारूंचं स्वतंत्र कृत्य येतं. तरी तक्रार जरूर द्या. माणसं कमी ठेवून पैसा वाचवणाऱ्या एजन्सीची नोंद सरकारदरबारी व्हायलाच हवी, आणि भरपाईच्या दाव्यातही ती कामी येते.

२२. माझे यजमान त्या व्हॅनवर होते. आरोपी सापडलेले नाहीत. आम्ही काय मागू शकतो?

आरोपी सापडण्याची वाट पाहू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो, आरोपीचा माग लागला नसला तरी. (जुन्या दंड संहितेतलं ३९६ वेगळं; अर्जावर कायद्याचं पूर्ण नाव लिहा.) ते ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा) असतील तर कामावरच्या मृत्यूसाठी अवलंबितांना वेतनाच्या ९० टक्के दराने मासिक लाभ मिळतो आणि तो वाटून दिला जातो. ईएसआय नसेल तर मालकाकडून कर्मचारी नुकसानभरपाई. त्यांच्या नावाने अपघात विमा काढला होता का, हे एजन्सीला लेखी विचारा.

ते चालक असतील तर आणखी एक वाट आहे. रिटा देवी खटल्यात (२०००) रिक्षा लुटताना झालेला चालकाचा खून सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याखाली अपघाती मृत्यू मानला. कामगार भरपाई आणि मोटार दावा यांपैकी कोणता निवडायचा हे आधी वकिलाला विचारून ठरवा, कारण एकाच मृत्यूसाठी दोन्ही मिळत नाहीत.

खटल्यातही तुमचे हक्क आहेत : फिर्यादीची मोफत प्रत, ९० दिवसांत तपासाच्या प्रगतीची माहिती, सरकारी वकिलाला साहाय्य करायला स्वतःचा वकील, आणि आरोपी सुटले तर अपील. पोलीस ठाण्यात जाताना मृत्यू प्रमाणपत्र, शवविच्छेदन अहवालाची प्रत, शेवटच्या तीन पगारांच्या पावत्या आणि नेमणूकपत्र बरोबर ठेवा. नेमणूकपत्र दिलंच नसेल तर बँकेतल्या पगाराच्या नोंदी आणि गणवेशातलं ओळखपत्रही चालतं.